जँगो अपग्रेड केलं आणि मायग्रेशन अडकलं: सुरुवात कुठून करायची

रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये जँगोचा, म्हणजे पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कचा, आकडा बदलला, नवं व्हर्जन इन्स्टॉल झालं, सर्व्हरही उठला. मग डेटाबेसच्या रचनेतले बदल लागू करणारी ‘मायग्रेट’ कमांड चालवली आणि स्क्रीनभर लाल ओळी. नवीन माणूस इथे हमखास एकच गोष्ट करतो. शेवटची ओळ कॉपी करून शोधतो, पहिल्याच उत्तरात ‘फेक मार, चालेल’ (म्हणजे बदल न करताच तो झाला अशी नोंद कर) असं लिहिलेलं असतं, तो मारतो, आणि खरंच चालतं. तीन आठवड्यांनी कुणीतरी एक फॉर्म भरतो आणि ‘कॉलम डज नॉट एक्झिस्ट’ म्हणत पान कोसळतं. तोवर तो फेक कुणाच्या लक्षातही राहिलेला नसतो.

लाल ओळी दिसल्यापासून फेक मारेपर्यंत मध्ये जो अर्धा तास घालवायला हवा, त्यात नेमकं काय करायचं ते इथे सांगतो. उदाहरणं जँगोची आहेत, कारण माझं रोजचं काम त्यातच चालतं. रेल्स आणि लाराव्हेल या दुसऱ्या फ्रेमवर्कवाल्यांसाठी शेवटाकडे एक परिच्छेद आहे. कमांडची आणि एररची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग.

आधी हजेरीपट समजून घ्या

मायग्रेशनची सोय जँगोमध्ये १.७ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे. त्याआधी साउथ नावाची वेगळी लायब्ररी वापरावी लागायची. तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही, त्यामुळे ती एकदा नीट कळली की निम्म्या एरर वाचताक्षणीच उलगडतात.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये चार गोष्टी वेगवेगळ्या नांदत असतात. तुमची मॉडेल्स (टेबलं कशी हवीत ते सांगणारे पायथनचे क्लास), मायग्रेशनच्या फाइली (रचनेतला एकेक बदल लिहिलेल्या), डेटाबेसमधलं ‘जँगो-अंडरस्कोर-मायग्रेशन्स’ नावाचं छोटंसं टेबल आणि खरी टेबलं. त्या छोट्या टेबलात फार काही नसतं: अ‍ॅपचं नाव, मायग्रेशनचं नाव आणि ते कधी लागू झालं ती वेळ. मी त्याला हजेरीपट म्हणतो.

‘मेकमायग्रेशन्स’ मॉडेल्सची तुलना करतं ती फाइलींशी. ‘मायग्रेट’ फाइलींची तुलना करतं ती हजेरीपटाशी: ज्यांची हजेरी लागलेली नाही, ती मायग्रेशनं चालवायची. खऱ्या टेबलांकडे मात्र या दोघांपैकी कुणीच बघत नाही. टेबलात कॉलम आहे की नाही हे जँगो तपासत नाही, हजेरीपटावर विश्वास ठेवतो. आणि फेक म्हणजे दुसरंतिसरं काही नसून प्रॉक्सी हजेरी आहे. मायग्रेशन वर्गात आलंच नाही, पण नावापुढे ‘हजर’ लागलं.

म्हणून कुठलीही मायग्रेशन एरर आली की पहिला प्रश्न एकच विचारायचा: या चारांपैकी कोणत्या दोघांचं पटत नाहीये? उत्तर मिळेपर्यंत कुठलीही कमांड चालवायची नाही.

अपग्रेडच्या आधी, जुन्याच व्हर्जनवर

बॅकअप घ्या हे सगळेच सांगतात. मी पुढचं सांगतो: तो बॅकअप दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये परत भरून बघा. भरला गेला तरच तो बॅकअप, नाहीतर ती फक्त एक मोठी फाइल. शिवाय हाच भरलेला डेटाबेस पुढे सरावाला लागणार आहे, त्यामुळे मेहनत वाया जात नाही.

मग जुन्या व्हर्जनवरच तीन गोष्टी तपासा. ‘शोमायग्रेशन्स’ चालवून सगळ्या चौकटींत फुली आहे ना ते बघा. एखादी रिकामी असेल तर ते मायग्रेशन आत्ताच, जुन्या जँगोवर लावून टाका. ‘मेकमायग्रेशन्स’ला ‘चेक’ आणि ‘ड्राय-रन’ (फाइली न बनवता फक्त काय बनेल ते दाखवणारा) हे दोन्ही ऑप्शन देऊन चालवा. ‘नो चेंजेस डिटेक्टेड’ यायला हवं. नुसतं ‘चेक’ देऊ नका, कारण ४.२ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये ते तपासता तपासता फाइलीही बनवून ठेवायचं. आणि टेस्ट चालवताना पायथनला कॅपिटल डब्ल्यू-ए हा ऑप्शन द्या, म्हणजे एरवी लपून राहणाऱ्या डेप्रिकेशन वॉर्निंग दिसतील. आजची वॉर्निंग म्हणजे पुढच्या एखाद्या व्हर्जनमधली एरर, हे गृहीत धरूनच चाला.

जुनी थकबाकी घेऊन अपग्रेडला निघालात तर पुढे आलेली एरर नव्या जँगोमुळे आली की तुमच्या आधीच्याच गोंधळामुळे, हे सांगता येत नाही. अशा वेळी माणूस भलत्याच जागी दोन दिवस शोधत बसतो.

एका उडीत जाऊ नका

जँगोची दीर्घकाळ सांभाळली जाणारी एलटीएस व्हर्जनं म्हणजे २.२ (एप्रिल २०१९), ३.२ (एप्रिल २०२१), ४.२ (एप्रिल २०२३) आणि ५.२ (एप्रिल २०२५). २.२ वरून थेट ५.२ वर जायचा मोह होतो, कारण तीन थांब्यांऐवजी एकच. पण मग एरर कोणत्या बदलातून आली ते कळत नाही. जँगोच्या अधिकृत सूचनेत तर मधलं प्रत्येक व्हर्जन घेत जायला सांगितलं आहे. मी छोट्या प्रोजेक्टमध्ये एलटीएस ते एलटीएस जातो, मोठ्या प्रोजेक्टमध्ये मधले थांबेही घेतो, आणि प्रत्येक थांब्यावर ‘मायग्रेट’ आणि टेस्ट पूर्ण झाल्याशिवाय पुढे सरकत नाही.

डेटाबेसचं व्हर्जनही याच वेळी बघून ठेवा. जँगो ४.२ ला पोस्टग्रेस १२ किंवा मायएसक्यूएल ८ लागतं, ५.१ ला पोस्टग्रेस १३, ५.२ ला पोस्टग्रेस १४. त्याहून जुना डेटाबेस असेल तर ‘अमुक ऑर लेटर इज रिक्वायर्ड’ अशी एरर येते. ती ‘मायग्रेट’ चालवताना दिसते म्हणून लोक मायग्रेशनच्या फाइली उघडून बसतात. तिथे काही सापडणार नाही, डेटाबेसच अपग्रेड करावा लागेल.

व्हर्जन बदलल्यावरची पहिली कमांड ‘मायग्रेट’ नाही

पहिली कमांड पुन्हा तीच: ‘मेकमायग्रेशन्स’, ड्राय-रनसह. मॉडेलमध्ये तुम्ही एक अक्षरही बदललेलं नसताना यादी दिसली, तर ती नव्या व्हर्जनने आणलेली आहे. ती यादी नीट वाचा. यातला सर्वांत प्रसिद्ध पाहुणा ३.२ मध्ये आला, आणि तो मला चांगलाच महागात पडला होता, म्हणून इथे जरा थांबतो.

३.२ पासून ‘डीफॉल्ट ऑटो फील्ड’ नावाचं सेटिंग आलं. तुमच्या मॉडेलचा आपोआप बनणारा आयडी साधा पूर्णांक ठेवायचा की मोठा, म्हणजे बिगइंट, हे त्यावर ठरतं. साधा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ ला संपतो, त्यामुळे मोठा घेण्यात तथ्य आहे. ५.२ पर्यंत, सेटिंग दिलं नाही तर प्रत्येक मॉडेलसाठी डब्ल्यू०४२ ही वॉर्निंग येते. मला ती पिवळी रांग सहन होईना. मी सेटिंगमध्ये ‘बिग ऑटो फील्ड’ लिहिलं, ‘मेकमायग्रेशन्स’ चालवलं, भराभर फाइली बनल्या, ‘मायग्रेट’ झालं, सगळं हिरवं.

त्याच संध्याकाळी मी एका मॉडेलमध्ये बाहेरच्या एका लायब्ररीच्या टेबलाकडे जाणारी फॉरेन की जोडली. माझं नवं मायग्रेशन, चौदा नंबरचं, तयार झालं. माझ्या मशीनवर चाललं. सर्व्हरवर पाठवलं आणि तिथे ‘नोड नॉट फाउंड एरर’: माझं चौदा नंबरचं मायग्रेशन त्या लायब्ररीच्या सहा नंबरच्या मायग्रेशनवर अवलंबून आहे आणि असं मायग्रेशनच अस्तित्वात नाही. लायब्ररीचं व्हर्जन दोन्हीकडे अगदी तेच होतं. मी कितीतरी वेळ दोन्हीकडची लायब्ररी पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसलो.

उलगडा झाला तो ड्राय-रनचं आउटपुट नीट वाचल्यावर. फाइल जिथे बनणार तो पत्ता तिथे छापलेला असतो. माझ्या अ‍ॅपचे पत्ते प्रोजेक्टच्या फोल्डरमधले होते, पण मधल्या एका ओळीत ‘साइट-पॅकेजेस’ (इन्स्टॉल केलेल्या लायब्ररींचं फोल्डर) हा शब्द होता. म्हणजे मी सेटिंग बदलल्यावर जँगोने त्या लायब्ररीच्या मॉडेलसाठीही मायग्रेशन बनवलं आणि ते माझ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या आत, लायब्ररीच्याच फोल्डरमध्ये ठेवलं. ती फाइल गिटमध्ये नव्हती, असणारच नव्हती. सर्व्हरला ती कधी दिसलीच नाही.

यावरचा उपाय असा. जुन्या प्रोजेक्टमध्ये आधी ‘डीफॉल्ट ऑटो फील्ड’ला जुनाच ‘ऑटो फील्ड’ द्या. वॉर्निंग जाते, एकही मायग्रेशन बनत नाही. मोठा आयडी हवाच असेल तर तुमच्या स्वतःच्या अ‍ॅपच्या कॉन्फिगमध्ये, एकेका अ‍ॅपसाठी वेगळा निर्णय घ्या. साइट-पॅकेजेसमध्ये भटकी फाइल तयार झालीच असेल तर ती काढून टाका आणि तुमच्या मायग्रेशनमधल्या ‘डिपेंडन्सीज’च्या यादीत लायब्ररीचं खरं शेवटचं मायग्रेशन लिहा. तुमच्या मशीनवरच्या हजेरीपटात त्या भटक्याची हजेरी लागलेली आहे आणि आयडीचा कॉलमही बदललेला आहे, त्यामुळे लोकल डेटाबेस टाकून नवा भरणं हेच सोपं. इतकी वर्षं वॉर्निंगकडे कानाडोळा केलेल्यांनी हेही लक्षात घ्यावं: ६.० मध्ये या सेटिंगचं मूळ मूल्यच बिग ऑटो फील्ड झालं आहे, म्हणजे सेटिंग लिहिलं नसेल तर हे सगळं आपोआप तुमच्या दारात येईल.

एरर वाचायची कशी

ट्रेसबॅकची, म्हणजे त्या लाल ओळींची, शेवटची ओळ महत्त्वाची असतेच, पण ती कोणत्या क्षणी आली हे त्याहून महत्त्वाचं. ‘अप्लाइंग अमुक...’ ही ओळ छापली जाण्याआधी एरर आली की नंतर? आधी आली असेल तर भांडण फाइली आणि हजेरीपट यांच्यात आहे, डेटाबेसमधल्या टेबलांना हातही लागलेला नाही, निवांत विचार करा. नंतर आली असेल तर भांडण खऱ्या टेबलांशी आहे, आणि काही बदल अर्धवट झालेले असू शकतात.

फाइलच उघडत नाही

हा सर्वांत निरुपद्रवी प्रकार. जुन्या मायग्रेशन फाइलीही पायथनच्याच फाइली असतात आणि जँगो दर वेळी त्या सगळ्या वाचतो. त्यातला एखादा जुना इम्पोर्ट नव्या व्हर्जनमधून गेला की सगळं ठप्प. ४.० मध्ये ‘यूगेटटेक्स्ट-लेझी’ गेलं आणि अनेकांच्या पाच वर्षांपूर्वीच्या फाइली बंद पडल्या. २.० मध्ये फॉरेन कीला ‘ऑन-डिलीट’ देणं सक्तीचं झालं, तेव्हाही हेच.

‘लागू झालेल्या मायग्रेशनला हात लावायचा नाही’ हा नियम नवशिक्यांना इतका पक्का शिकवलेला असतो की ते इथे घाबरतात. नियम बरोबर आहे, पण त्याचा अर्थ असा की त्या फाइलीतून बनणारं टेबल बदलू नका. इम्पोर्टची ओळ दुरुस्त करायला, गेलेल्या फंक्शनच्या जागी नवं नाव लिहायला, ‘ऑन-डिलीट’ जोडायला काहीच हरकत नाही.

काही गोष्टी मात्र जुन्या फाइलींत तशाच राहू द्या. ‘नल-बूलियन फील्ड’ आणि पोस्टग्रेसवालं जुनं ‘जेसन फील्ड’ ४.० मध्ये मॉडेलसाठी बंद झालं, पण जुन्या मायग्रेशनपुरती त्यांची सोय जँगोने ठेवली आहे. मॉडेलमध्ये नवा पर्याय वापरा, नवं मायग्रेशन बनवा, जुनं सोडा. जेसनच्या बाबतीत पोस्टग्रेसमध्ये खालचा कॉलम आधीही जेसनबी होता आणि नंतरही तोच असतो, त्यामुळे डेटा जाईल अशी भीती नको. ‘इंडेक्स-टुगेदर’ ५.१ मध्ये मॉडेलमधून गेलं, ४.२ च्या थांब्यावरच ते ‘इंडेक्सेस’मध्ये हलवलंत, कॉलम आणि त्यांचा क्रम तोच ठेवलात, तर जँगो इंडेक्स पाडून नवा बांधण्याऐवजी फक्त त्याचं नाव बदलतो. थांबे घेत जाण्याचा हा एक फायदा.

एक विचित्र वाटणारी तक्रार इथेच येते: सर्व्हरवर सगळं ठीक, पण टेस्ट मात्र मायग्रेशनवर पडतात. टेस्टचा डेटाबेस दर वेळी शून्यापासून बनतो, म्हणजे पहिल्या मायग्रेशनपासून सगळी चालतात. त्यात कुणी डेटा भरणारं मायग्रेशन लिहिताना मॉडेल थेट इम्पोर्ट केलेलं असेल, तर दोन वर्षांपूर्वीचं मायग्रेशन आजचं मॉडेल वापरायला जातं आणि तोवर न बनलेला कॉलम मागतं. अशा फंक्शनमध्ये मॉडेल ‘अ‍ॅप्स डॉट गेट-मॉडेल’नेच घ्यायचं, म्हणजे त्या काळातलं मॉडेल हातात येतं.

फाइली आणि हजेरीपट यांचं पटत नाही

‘इनकन्सिस्टंट मायग्रेशन हिस्ट्री’ म्हणजे हजेरीपटात मुलाचं नाव आहे आणि आईचं नाही. एखादं मायग्रेशन लागलेलं आहे, पण ते ज्यावर अवलंबून आहे ते लागलेलं नाही. कस्टम यूजर मॉडेल उशिरा आणलं की हे हमखास होतं, कारण अ‍ॅडमिनचं पहिलं मायग्रेशन आधीच लागून गेलेलं असतं. माझा सल्ला: अपग्रेड आणि यूजर मॉडेल बदलणं ही दोन कामं एका महिन्यात तरी करू नका.

अपग्रेडच्या वेळी याचं दुसरं कारण म्हणजे लायब्ररींची मोठी उडी. बऱ्याच लायब्ररी जुनी मायग्रेशनं स्क्वॅश करतात, म्हणजे वीस फाइलींची एक करतात, काही काळ दोन्ही ठेवतात आणि मग जुन्या वीस काढून टाकतात. तुम्ही दोन्ही असलेलं मधलं व्हर्जन गाळून थेट नव्यावर गेलात, तर तुमच्या हजेरीपटातली नावं नव्या फाइलींशी जुळतच नाहीत. अशा वेळी मागे या, लायब्ररीचं मधलं व्हर्जन टाका, ‘मायग्रेट’ करा, मग पुढे जा.

‘मल्टिपल लीफ नोड्स’ ही एरर दिसायला भयानक आणि सोडवायला सोपी. दोघांनी दोन ब्रँचवर एकाच मायग्रेशनच्या पुढे आपापलं मायग्रेशन बनवलं, एवढंच. ‘मेकमायग्रेशन्स’ला ‘मर्ज’ ऑप्शन द्या. फक्त दोघांनी एकाच कॉलमला हात लावलेला नाही ना ते बघा.

हजेरीपट आणि खरी टेबलं यांचं पटत नाही

‘ऑलरेडी एक्झिस्ट्स’ किंवा ‘डज नॉट एक्झिस्ट’ दिसलं की तुम्ही इथे आहात, आणि फेकचा मोह इथेच होतो. एक उदाहरण जवळून बघू.

समजा ऑर्डरच्या अ‍ॅपमध्ये नऊ नंबरचं मायग्रेशन आहे. त्यात तीन कामं: एक नवा कॉलम, एक इंडेक्स आणि ऑर्डर क्रमांकावर युनिक कन्स्ट्रेंट (तोच क्रमांक दोनदा चालणार नाही अशी अट). डेटाबेस मायएसक्यूएल. ‘मायग्रेट’ चालवलं. कॉलम बनला, इंडेक्स बनला, कन्स्ट्रेंट लावताना एरर १०६२, डुप्लिकेट एंट्री, कारण टेबलात एकाच क्रमांकाच्या दोन ऑर्डर होत्या. तुम्ही घाईत टर्मिनल साफ केलं आणि पुन्हा ‘मायग्रेट’ मारलं. आता एरर वेगळीच: १०६०, डुप्लिकेट कॉलम नेम. तुम्ही कॉलमच्या मागे लागता, ‘कॉलम तर आहेच, मग फेक मारू’ असं ठरवता, आणि युनिक कन्स्ट्रेंट कायमचा राहून जातो. मॉडेल सांगतं क्रमांक युनिक आहे, टेबल दोनदा तोच क्रमांक आनंदाने घेतं.

हे होण्याचं कारण असं की मायएसक्यूएलमध्ये टेबलाची रचना बदलणारी कमांड ट्रान्झॅक्शनमध्ये (होईल तर सगळं, नाहीतर काहीच नाही असा गठ्ठा) मागे घेता येत नाही. जेवढं झालं तेवढं राहतं, हजेरी मात्र सगळं पूर्ण झाल्यावरच लागते. पोस्टग्रेसमध्ये अख्खं मायग्रेशन एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालतं, तिसऱ्या पायरीला पडलं तर पहिल्या दोन्हीही मागे जातात. अपवाद ‘अ‍ॅटॉमिक’ बंद ठेवलेल्या मायग्रेशनचा: चालू टेबलावर कन्करंट इंडेक्स बांधताना ते पडलं तर मागे ‘इनव्हॅलिड’ शिक्का बसलेला इंडेक्स उरतो, तो आधी हाताने काढावा लागतो.

आता रीत. पहिल्या वेळचं आउटपुट फाइलमध्ये जपून ठेवा, खरं कारण फक्त तिथेच असतं. मग ‘एसक्यूएल-मायग्रेट’ला अ‍ॅपचं नाव आणि मायग्रेशनचा नंबर द्या, ते मायग्रेशन डेटाबेसला नेमकं काय सांगणार आहे ते सगळं एसक्यूएल छापून येतं, चालत काहीच नाही. दुसऱ्या खिडकीत खरं टेबल उघडा: पोस्टग्रेसमध्ये बॅकस्लॅश-डी, मायएसक्यूएलमध्ये ‘शो क्रिएट टेबल’. आणि एकेक ओळ जुळवा. कॉलम आहे? त्याचा प्रकार तोच आहे? नल (रिकामं मूल्य) चालतो की नाही? इंडेक्स? कन्स्ट्रेंट?

सगळंच्या सगळं असेल, तरच फेक, आणि तोही त्या एका मायग्रेशनचं नाव देऊन. नुसतं ‘मायग्रेट’ला फेक लावलंत तर पुढची न लागलेली सगळीच मायग्रेशनं प्रॉक्सीवर हजर होतात. काहीच नसेल आणि तरी हजेरी लागलेली असेल, तर मागच्या नंबरपर्यंत फेकनेच मागे जा आणि मग साधं ‘मायग्रेट’ चालवा. अर्धवट असेल, वरच्या ऑर्डरसारखं, तर दोन वाटा: उरलेलं हाताने पूर्ण करून फेक, किंवा झालेलं हाताने उलटवून पुन्हा ‘मायग्रेट’. मी जवळजवळ नेहमी दुसरी घेतो. नवा कॉलम रिकामाच असतो, तो पाडायला काही वाटत नाही, आणि शेवटी सगळं काम मायग्रेशननेच केलेलं असतं. फक्त आधी त्या दुहेरी ऑर्डरींचं काय करायचं ते ठरवा, आणि ते तुमच्या मनाने नाही, ज्यांचा तो डेटा आहे त्यांना विचारून.

‘फेक-इनिशियल’ हा वेगळा प्राणी आहे. तो फक्त अ‍ॅपच्या पहिल्या मायग्रेशनसाठी, आणि तो निदान टेबलांची नि कॉलमची नावं आहेत का एवढं तरी बघतो. प्रकार जुळतो का, इंडेक्स आहे का, हे तोही बघत नाही.

डेटाच अडवतो

नल नको म्हटलं आणि जुन्या ओळींत नल आहेत. युनिक म्हटलं आणि दुहेरी आहेत. इथे जँगोचा काही दोष नाही. काम तीन मायग्रेशनांत फोडा: आधी कॉलम नल चालेल असा जोडा, मग डेटा भरा, मग नल बंद करा. पोस्टग्रेसवर तर हे फोडणं सक्तीचंच होतं कधी कधी. डेटा भरणं आणि त्याच टेबलाची रचना बदलणं एकाच फाइलीत ठेवलं तर ‘पेंडिंग ट्रिगर इव्हेंट्स’ अशी एरर येते, कारण फॉरेन कीची तपासणी जँगो ट्रान्झॅक्शनच्या शेवटापर्यंत लांबणीवर टाकतो आणि ती बाकी असताना पोस्टग्रेस टेबल बदलू देत नाही. दोन फाइली केल्या की ट्रान्झॅक्शन दोन होतात आणि प्रश्न मिटतो.

मायएसक्यूएलवर ३७८० आली, म्हणजे फॉरेन कीचे दोन कॉलम एकमेकांशी जुळत नाहीत. बहुतेकदा एक इंट आणि दुसरा बिगइंट असतो. मजकुराचा कॉलम असेल तर कोलेशन (अक्षरांची तुलना करण्याचे नियम) बघा, कारण मायएसक्यूएल ८ मध्ये मूळ कोलेशन बदललं, त्यामुळे जुनं टेबल एका कोलेशनचं आणि नवं दुसऱ्या असं होतं. मारियाडीबी १०.७ किंवा पुढचं वापरत असाल तर जँगो ५.० ला यूयूआयडीचा कॉलम खऱ्या यूयूआयडी प्रकाराचा हवा असतो, तुमचा जुना मात्र ३२ अक्षरांचा. अपग्रेड नोंदींत त्यासाठी छोटासा कस्टम फील्ड दिलेला आहे, तो वापरा.

आणि कधी कधी दोष जँगोचा नसतो, तुमचाही नसतो. डिसेंबर २०१८ मध्ये एसक्यूएलाइट ३.२६ आलं, त्यात टेबलाचं नाव बदलण्याची वागणूक बदलली, आणि जगभर लोकांना नावाच्या शेवटी ‘अंडरस्कोर-अंडरस्कोर-ओल्ड’ असलेलं टेबल सापडत नाही अशी एरर यायला लागली. अशा नावाचं टेबल कुणीच बनवलेलं नव्हतं. एसक्यूएलाइटवर टेबल बदलताना जँगो जुन्याला तात्पुरतं ते नाव द्यायचा, आणि नव्या एसक्यूएलाइटने बाकीच्या टेबलांच्या फॉरेन कीही त्या तात्पुरत्या नावाकडे वळवल्या. २.१.५ मध्ये दुरुस्ती आली, पण तोवर बिघडलेला डेटाबेस पुन्हाच बनवावा लागला. म्हणून एररमध्ये तुमच्या कोडमध्ये कुठेच नसलेलं नाव दिसलं, तर खालच्या लायब्ररीचं आणि डेटाबेसचं व्हर्जन बघा.

एरर नाही, पण अडकून बसलंय

मोठ्या टेबलाचा आयडी इंटचा बिगइंट करताना पोस्टग्रेस अख्खं टेबल नव्याने लिहितं आणि तोवर त्यावर पूर्ण लॉक असतो; साधं वाचणंसुद्धा रांगेत उभं राहतं. किंवा उलट, तुमचं मायग्रेशनच कुणाच्या तरी उघड्या राहिलेल्या ट्रान्झॅक्शनच्या मागे उभं असतं. ‘पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी’ बघितलं की कोण थांबलंय आणि कुणाचं ट्रान्झॅक्शन उघडं आहे ते दिसतं. कंट्रोल-सी मारण्याआधी ते बघा. आणि खऱ्या सर्व्हरवर ‘लॉक-टाइमआउट’ काही सेकंदांचा ठेवूनच मायग्रेशन चालवा, म्हणजे लॉक मिळाला नाही तर ते स्वतःच माघार घेईल, साइट बंद पडणार नाही.

रेल्स, लाराव्हेल

हजेरीपट सगळीकडे आहे. रेल्समध्ये त्याचं नाव ‘स्कीमा-मायग्रेशन्स’, ५.१ पासून प्रत्येक मायग्रेशनच्या क्लासला ते कोणत्या रेल्ससाठी लिहिलं ते व्हर्जन चौकटी कंसात द्यावं लागतं, नाहीतर जुन्या फाइली चालतच नाहीत. त्याच ५.१ मध्ये आयडी बिगइंट झाले, त्यामुळे जुन्या-नव्या टेबलांतली फॉरेन की तिथेही अडते. लाराव्हेलमध्ये ‘मायग्रेशन्स’ टेबलात बॅचचा नंबरही असतो. ५.४ मध्ये यूटीएफ८एमबी४ आल्यावर जुन्या मायएसक्यूएलवर ‘की वॉज टू लाँग’, ७६७ बाइट, ही एरर घरोघरी पोचली आणि स्ट्रिंगची लांबी १९१ ठेवायचा उपाय त्यावरून रूढ झाला. ११ पासून कॉलम बदलताना नल किंवा डीफॉल्टसारखे जुने गुण पुन्हा लिहिले नाहीत तर ते गळून जातात. ही एरर देत नाही, म्हणून जास्त वाईट.

खऱ्या सर्व्हरवर

सुरुवातीला भरून बघितलेला तो बॅकअप आठवतो? त्यावर संपूर्ण अपग्रेड एकदा घड्याळ लावून करा. ‘मायग्रेट’ला ‘प्लॅन’ ऑप्शन देऊन जी यादी येईल ती आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. खऱ्या सर्व्हरवर ‘प्लॅन’ पुन्हा चालवा. यादी शब्दशः तीच आली तर पुढे जा. एक ओळ जरी जास्त आली तर त्या दिवशी अपग्रेड करू नका, कारण तुमच्या सरावाच्या डेटाबेसमध्ये आणि खऱ्यात फरक आहे आणि तो कुठला हे अजून माहीत नाही.

सगळं पार पडल्यावर नव्या जँगोवर ‘मेकमायग्रेशन्स’ पुन्हा चेक आणि ड्राय-रनसह चालवा. ‘नो चेंजेस डिटेक्टेड’ आलं की तीच कमांड टेस्टच्या पाइपलाइनमध्ये टाकून ठेवा. साइट-पॅकेजेसमधला पुढचा भटका तिथेच पकडला जाईल.